इकितोसच्या जंगलात आयावास्का शिबिराला जाताना: तयारी कुठून सुरू करायची

पेरूच्या नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यात इकितोस आहे. काही लाख वस्तीचं शहर. विमानतळ आहे, रुग्णालयं आहेत, बँका आहेत. पण देशाच्या इतर भागातून तिथे येणारा एकही रस्ता नाही. जायचं तर विमानाने, नाहीतर नदीने. आणि आयावास्का, म्हणजे विधीत प्यायचा वनस्पतींचा भ्रमकारक काढा, याची बहुतेक शिबिरं या शहरातही नाहीत. शहरातून गाडीने निघायचं, मग होडीत बसायचं, मग चिखलातून चालायचं, तेव्हा कुठे ताडाच्या पानांनी शाकारलेली ती मोठी झोपडी दिसते. तिला तिथे मालोका म्हणतात.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायला लावते: रात्री दोन वाजता माझी तब्येत बिघडली, तर त्या मालोकातून डॉक्टरपर्यंत पोचायला किती तास लागतील? शिबिर कुठलं निवडायचं, कधी जायचं, बॅगेत काय भरायचं, किती दिवस हाताशी ठेवायचे, हे बरंचसं त्या एका आकड्यावरून ठरतं.

आधी समजून घ्या, आपण काय पिणार आहोत

आयावास्का (आयाहुआस्का असंही लिहिलेलं दिसेल) हा केचुआ भाषेतला शब्द. आया म्हणजे मृतात्मा, वास्का म्हणजे दोर किंवा वेल. बानिस्टेरिओप्सिस कापी नावाची जाड वेल ठेचून चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांबरोबर तासन्‌तास उकळतात आणि आटवतात. पानांमध्ये डीएमटी नावाचं भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं. ते नुसतं गिळलं तर पोटातल्या एका विकरामुळे, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज (एमएओ) या एन्झाइममुळे, त्याचं विघटन होतं. वेलीतली हार्मिनसारखी द्रव्यं त्या विकराला तात्पुरतं अडवतात, म्हणून काढा चढतो. साधारण अर्ध्या ते एका तासात परिणाम सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. उलटी होते, कधी जुलाबही होतात. त्याला तिथे ‘ला पुर्गा’ म्हणतात आणि तो उपचाराचाच भाग मानतात. नाडी आणि रक्तदाब वाढतो.

पेरूमध्ये हे कायदेशीर आहे. २००८ मध्ये तिथल्या सरकारने ॲमेझॉनमधल्या आदिवासी समाजांचं आयावास्काविषयीचं पारंपरिक ज्ञान आणि त्याचे वापर राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. पण डीएमटी बहुतेक देशांत बंदी असलेल्या द्रव्यांमध्ये मोडतं, भारतातही. तेव्हा जे काही आहे ते तिथेच. याबद्दल परतीच्या भागात पुन्हा बोलू.

औषधांचा कागद

तिकीट काढण्याच्या आधीची ही पायरी आहे. मी ती मुद्दाम वर ठेवली आहे, कारण या प्रवासातला सगळ्यात मोठा धोका साप किंवा नदी नव्हे, तर आपल्याच औषधांच्या डब्यातली एखादी गोळी हा आहे.

वेलीतली द्रव्यं ज्या विकराला अडवतात, तोच विकर शरीरातल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचंही विघटन करतो. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आले तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: ताप, थरथर, स्नायू आखडणं, झटके, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही. आता वरचा प्रश्न पुन्हा आठवा. डॉक्टर किती तासांवर?

एक कोरा कागद घ्या. घरात तुमच्या नावाने असलेली प्रत्येक पट्टी, बाटली, पुडी समोर मांडा. पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं मूळ द्रव्याचं नाव लिहा; कंपनीचं नाव उपयोगाचं नाही. रोजच्या गोळ्यांबरोबर ‘कधीमधी’ घेतो ती औषधंही लिहा, कारण चूक तिथेच होते. कोरड्या खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कंबरदुखीवर दिलेलं ट्रामाडॉल, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, झोपेसाठी आणि मन हलकं व्हावं म्हणून आणलेल्या वनस्पतींच्या कॅप्सूल, त्यातही सेंट जॉन्स वर्ट. लिथियम, एकाग्रतेसाठी दिली जाणारी उत्तेजक औषधं, इतर एमएओ रोधक, म्हणजे त्याच विकराला अडवणारी औषधं, हे सगळं या कागदावर हवं.

हा कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की मी एमएओ रोधक असलेला काढा पिणार आहे. आयावास्का हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, पण एमएओ रोधक म्हटलं की ते लगेच सावध होतील. काही औषधं शरीरातून जायला फार वेळ लागतो. फ्लुऑक्सेटिनच्या बाबतीत एमएओ रोधक घेण्याआधी किमान पाच आठवड्यांचं अंतर ठेवतात. पण शिबिरासाठी म्हणून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. नैराश्याची औषधं एकदम सोडली की जुना आजार दुप्पट जोराने उसळू शकतो, आणि तोही अशा वेळी, जेव्हा तुम्ही घरापासून जगाच्या दुसऱ्या टोकाला असाल. डॉक्टर ‘बंद करू नका’ म्हणाले, तर यंदा जायचं नाही.

ज्यांना स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, ज्यांना हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्‌स आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांनी हा काढा पिऊ नये. जंगल बघायला, वनस्पती ओळखायला, ईकारो ऐकायला जरूर जावं. ईकारो म्हणजे विधीत गायली जाणारी गाणी. काही केंद्रं न पिता राहू देतात, तसं आधी विचारून घ्या.

शिबिर कसं पारखायचं

माझी खूण सोपी आहे. पैसे भरण्याआधी जे केंद्र तुम्हालाच खोलात शिरून प्रश्न विचारतं, ते विचारात घ्या. औषधं, मानसिक आजार, रक्तदाब, शस्त्रक्रिया यांची लेखी माहिती न मागता जे थेट बँक खात्याचा तपशील पाठवतात, तिथे जाऊ नका. झाडी कितीही हिरवी असो आणि छायाचित्रं कितीही सुंदर असोत.

मग तुमचे प्रश्न. लेखी विचारा, म्हणजे उत्तरही लेखी मिळतं.

शिबिरापासून सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठे, आणि रात्री तिथे कसं नेता? होडी रात्रभर तिथेच असते का, इंजिनात इंधन असतं का, ती चालवणारा शिबिरातच झोपतो का? रक्तदाब मोजायचं यंत्र आहे का, प्रथमोपचार शिकलेलं कोण आहे, आणि विधीच्या वेळी काढा न प्यायलेली किती माणसं जागी असतात? एका विधीत किती लोक बसतात?

काढ्यात नेमकं काय घालता, हाही प्रश्न विचाराच. वेल आणि चाक्रुना इतकंच असेल तर ठीक. काही ठिकाणी त्यात तोए मिसळतात. तोए म्हणजे ब्रुगमन्सिया, लांब लोंबत्या कर्ण्यासारखी फुलं येणारं, धोत्र्याच्या जवळच्या नात्यातलं झाड. त्यातलं स्कोपोलामिन माणसाला दिवसेंदिवस भ्रमात ठेवू शकतं. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिबिरात कधी कांबोही देतात. तो वनस्पतीचा नाही, एका हिरव्या बेडकाच्या कातडीवरचा स्राव आहे. त्वचेवर डाग देऊन त्यावर लावतात. त्यात रक्तदाब घसरतो, आणि त्याबरोबर भसाभस पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरल्याच्या घटना आहेत. तंबाखूचं पाणी पिऊन उलट्या करण्याचा विधीही असतो. तिथला मापाचो तंबाखू आपल्या नेहमीच्या सिगारेटमधल्या तंबाखूपेक्षा बराच जहाल असतो. या गोष्टींना ‘नको’ म्हणायचा तुमचा हक्क आहे का, हे आधीच विचारा.

कुरांदेरो, म्हणजे विधी चालवणारे वैद्य, कोण आहेत, कुणाकडे शिकले, आणि मिळणाऱ्या पैशातला वाटा त्यांना व त्यांच्या गावाला मिळतो का, हेही विचारायला संकोचू नका. शिपिबो-कोनिबो समाजाने हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आहे. त्यांची मुख्य वस्ती उकायाली नदीच्या खोऱ्यात, पुकाल्पा शहराच्या आसपास आहे. जंगलातला हा व्यवहार प्रामाणिक राहावा असं वाटत असेल, तर पाहुण्यांनीच हा प्रश्न विचारत राहायला हवा.

एकट्या जाणाऱ्या बायकांसाठी थोडं वेगळं सांगते. डोक्यावर, छातीशी, ओंजळीत तंबाखूचा धूर फुंकणं ही तिथली जुनी पद्धत आहे. कपडे काढायला सांगणं, गुप्तांगाला हात लावणं किंवा ‘एकटीच ये, वेगळा उपचार करतो’ म्हणणं हा कुठल्याही उपचाराचा भाग नाही. असे प्रकार घडलेले आहेत. विधीत काढा न प्यायलेली एखादी स्त्री मदतनीस असते का, हे विचारा. शक्यतो ओळखीच्या बाईबरोबर जा, आणि आधी तिथे राहून आलेल्या दोघी-तिघींशी स्वतः बोला.

कधी जायचं

इकितोसला कोरडा ऋतू असा नसतो. पाऊस वर्षभर येतो. फरक पडतो तो नदीच्या पातळीने. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत पाणी चढलेलं असतं. तेव्हा होडी थेट शिबिराच्या पायऱ्यांपर्यंत जाते, पण पायवाटा बुडतात आणि डास वाढतात. जूननंतर पाणी उतरतं. मग होडी लांबच थांबते आणि उरलेलं अंतर चिखलातून पायी. दोन्ही ऋतूंत तुमच्या त्या ‘किती तास’ प्रश्नाचं उत्तर बदलतं, म्हणून केंद्राला तुमच्या नेमक्या महिन्याबद्दल विचारा. २४ जूनला सान हुआनचा सण असतो. त्या आठवड्यात शहर गजबजतं आणि विमानात जागा मिळणं अवघड होतं.

कागदपत्रं आणि लसी

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, तर २०१७ पासून पेरूला पर्यटक म्हणून जायला वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर पेरूच्या दूतावासातून काढावा लागतो. विमान अमेरिकेमार्गे असेल तर नुसतं बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. नियम बदलतात, तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. जंगलभागासाठी ती हवीच. शिवाय पेरूहून भारतात परतताना या लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून साठीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मलेरियाबद्दल बहुतेक जण घाईत निर्णय घेतात. इकितोस ज्या लोरेतो प्रांतात आहे, तिथे पेरूमधला सर्वाधिक मलेरिया आढळतो. प्रतिबंधासाठी साधारण तीन औषधांचा विचार होतो: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन. यातल्या मेफ्लोक्विनने काहींना भयानक स्वप्नं पडतात, घबराट होते, भ्रम होतात. मन ढवळून काढणाऱ्या काढ्याच्या आठवड्यात ही जोखीम घेऊ नये. औषधांचा तोच कागद इथेही पुढे करा आणि त्यात मलेरियाच्या गोळीची भर घाला.

विम्याचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जंगलातून हलवण्याचा खर्च त्यात आहे का? आणि मनावर परिणाम करणारं द्रव्य घेतल्यास दावा नाकारण्याची अट आहे का? ती बऱ्याच विम्यांत असते.

प्रत्यक्ष प्रवास

भारतातून पेरूच्या राजधानीला, लिमाला, थेट विमान नाही. युरोप, अमेरिका किंवा ब्राझीलमार्गे जावं लागतं. लिमाहून इकितोस सुमारे दोन तास. पुकाल्पाहून लांचा नावाच्या मोठ्या बोटीत झोळी टांगून नदीने येणारेही असतात, पण त्यात चार-पाच दिवस जातात आणि पोटाचं तंत्र बिघडलं तर शिबिराला पोचेपर्यंत माणूस गळून जातो. पहिल्या वेळी विमानच बरं.

लिमात एक रात्र आणि इकितोसमध्ये किमान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. माझं पहिल्या वेळचं विमान पावसामुळे उशिरा उतरलं. धक्क्यावर पोचले तेव्हा सूर्य मावळतीला आला होता, आणि नावाडी मान हलवून म्हणाला, ‘मान्याना.’ उद्या. अंधारात तरंगते ओंडके दिसत नाहीत, त्यामुळे तो निघणार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. मधला दिवस ठेवलेला होता म्हणून ती रात्र शहरात निवांत झोपता आलं.

दुसऱ्या दिवशी बेयाविस्ता नानाय धक्क्यावरून निघालो. तीनचाकी मोतोकारो उतारावर सोडतो, पुढे लाकडी फळ्यांवरून तोल सांभाळत होडीपर्यंत जायचं. होडीचं नाव पेके-पेके, तिच्या इंजिनाच्या आवाजावरून पडलेलं. लांब दांड्याच्या टोकाला छोटा पंखा, आणि उथळ पाणी किंवा शेवाळ आलं की नावाडी दांडा अलगद वर उचलतो. तिचा वेग बेताचाच. कुणी सांगितलं ‘होडीने तास लागतो’, तर पेके-पेकेने की मोठ्या इंजिनाच्या होडीने, हे लगेच विचारा. दोन्हींत फार अंतर पडतं, आणि रात्री आजारी माणसाला न्यायचं असेल तर त्या फरकाला अर्थ आहे.

काही केंद्रं इकितोस ते नाउता या शंभरेक किलोमीटरच्या रस्त्याला लागून आहेत. तिथे पत्ता म्हणजे किलोमीटरचा आकडा. पहिल्यांदा जाणाऱ्याने यातलंच एखादं निवडावं असं माझं मत आहे. जंगल तितकंच दाट, रात्रीचे आवाज तेच, आणि गाडी थेट रुग्णालयात जाते.

बॅगेत काय

होडीत मोठी सूटकेस अडचणीची ठरते. पाठीवरची एकच पिशवी घ्या आणि आतलं सगळं झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत भरा. तिथल्या दमट हवेत वहीची पानंसुद्धा मऊ पडतात. पूर्ण बाह्यांचे पातळ, लवकर वाळणारे कपडे, डासांचं औषध, ओआरएसची पाकिटं, डोक्याला बांधायची बॅटरी. बॅटरीला लाल प्रकाश असला तर उत्तम, कारण विधी अंधारात चालतो आणि मध्येच उठून जाताना पांढरा झोत इतरांच्या डोळ्यांवर येतो. गमबूट शिबिरात मिळतात का विचारा; तुमच्या मापाचे नसतील तर इकितोसच्या बाजारात घ्या. सकाळी घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे. विंचू, कोळी आत शिरलेले असतात.

बाजारावरून आठवलं. बेलेनच्या बाजारात पासाहे पाकितो नावाची औषधी वनस्पतींची एक गल्ली आहे. साली, मुळ्या, बाटल्या, वास, बघण्यासारखी जागा. तिथे आयावास्काच्या बाटल्याही विकायला असतात. त्या घेऊ नका. आत काय आणि किती तीव्र आहे, हे कळायला मार्ग नाही.

पैसे पेरूच्या चलनात, म्हणजे सोलमध्ये, लहान नोटा. जंगलात एटीएम नाही. डॉलर नेलेत तर कोऱ्या करकरीत नोटा न्या, जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही.

जेवण

शिबिराआधी आणि शिबिरात पथ्य असतं, त्याला दिएता म्हणतात. मीठ, साखर, तेल, तिखट, दारू बंद. लैंगिक संबंधही नाहीत. ताटात उकडलेली हिरवी केळी, भात आणि बहुधा नदीतला मासा. पथ्य किती दिवस आधी सुरू करायचं ते केंद्र सांगतं. आंबवलेले, मुरवलेले पदार्थ आणि जुनं चीज मात्र नक्की टाळा. एमएओ रोधकांबरोबर त्यांनी रक्तदाब वाढू शकतो.

शाकाहारी असाल तर हे वाक्य पाठ करा: नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो. नुसतं ‘कार्ने नको’ म्हटलं तर कोंबडी ताटात येऊ शकते, कारण कार्ने म्हणजे अनेकांच्या मनात फक्त लाल मांस.

घरच्यांना काय सांगून जायचं

पेरूची वेळ भारताच्या साडेदहा तास मागे आहे, आणि बहुतेक शिबिरांत फोन लागत नाही. घरी एक चिठ्ठी ठेवा: केंद्राचं नाव, इकितोसमधल्या त्यांच्या माणसाचा फोन, नदीचं किंवा किलोमीटरचं नाव, विम्याचा क्रमांक, औषधांच्या कागदाची प्रत. किती तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, तेही लिहा. नाहीतर तुम्ही जंगलात शांत आणि घरचे हवालदिल, असं होतं.

परतताना

शेवटच्या विधीनंतर दोन दिवस इकितोसमध्ये थांबा. मन फार हळवं झालेलं असतं. गर्दी, विमानतळावरचे प्रकाश, सगळं अंगावर येतं. त्या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नका. बंद केलेली औषधं कधी सुरू करायची, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलेलं असायला हवं.

बॅग स्वतः भरा. काढा, वेलीचे तुकडे, भुकटी, पानं, काहीही सोबत घेऊ नका, कुणी प्रेमाने भेट दिली तरी. वाटेतल्या अनेक देशांत त्यासाठी तुरुंग होऊ शकतो. पक्ष्यांची पिसं, दात, कातडी यांनाही हेच लागू.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही चालू ठेवायच्या असतात: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. आणि तिथल्या मलेरियाचा एक प्रकार, व्हायव्हॅक्स, यकृतात दडून काही महिन्यांनीही उफाळतो. पुढच्या वर्षभरात थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना ‘व्हायरल असेल’ म्हणू देऊ नका. आपण लोरेतोच्या जंगलात राहून आलो, हे आपणहून सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.